मारुती कुठवर?

त्र्यंबकच्या डोंगरात पावसानं जोर धरला की आमच्या घरातल्या सगळ्या फोनांवर एकच प्रश्न फिरू लागतो. पुण्याचा चुलतभाऊ विचारतो, कल्याणची आतेबहीण विचारते, सायखेड्याहून आई तर दर तासाला विचारते : "मारुती कुठवर?" मी नाशकात राहते, त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझं. मी छत्री घेऊन गोदाघाटाकडे निघते. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीवर चढलं, यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. मी सांगते, "कमरेच्या वर आहे, पण छातीला नाही." लगेच पुराच्या दुसऱ्या खुणेबद्दल प्रश्न येतो, "आणि सरकारवाड्याची पायरी?"

खरं तर आता हे विचारायची गरज उरलेली नाही. गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक सोडले, दारणेतून किती, नांदूरमध्यमेश्वरचे दरवाजे किती वर आहेत, सगळं मोबाइलवर येतं. आईलाही ते मेसेज येतात, ती ते वाचतेही. पण क्युसेकचा आकडा वाचून तिच्या हातापायांत हालचाल होत नाही. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं असं ऐकलं की ती पदर खोचते आणि माळ्याला शिडी लावते.

हा प्रश्न आमच्या घरात माझ्या आजीनं आणला. आम्ही नातवंडं तिला बाई म्हणायचो, कारण आमचे वडील आणि काका तिला बाई म्हणत. आमच्याकडे फोन नव्हता तेव्हा ती नाशकाहून येणाऱ्या एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची आणि उतरणाऱ्या कोणालाही विचारायची, ओळख असो वा नसो. माणसं सांगायचीही. गोदाकाठच्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारला तर तो थांबतो.

ज्यांनी सायखेडा पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. निफाड तालुक्यात गोदावरीच्या एका काठाला चांदोरी आणि दुसऱ्या काठाला सायखेडा. मधे पूल. नाशकातून निघालेलं पाणी काही तासांत आमच्याकडे पोहोचतं आणि तोवर दारणेचं पाणीही त्याला येऊन मिळालेलं असतं. खाली नांदूरमध्यमेश्वरला इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यावर आज परदेशी पक्षी उतरतात आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याला मान मिळाला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण वरून येणारं पाणी आणि खालून तुंबणारं पाणी यांच्या मधोमध आमची घरं आहेत, हेही तितकंच खरं. बाकीच्या दिवसांत गाव म्हणजे कांदा, द्राक्षं, ऊस, उपबाजारात लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा आणि निफाडची ती हाडं गोठवणारी थंडी. बाई मात्र सालं मोजायची ती पुरावरून. अमक्याचं लग्न पुराच्या आधीचं, तमकी विहीर पुराच्या नंतरची. नुसता 'पूर' म्हटलं की तो १९६९चा.

त्या सप्टेंबरात माझे वडील पाचवीत होते. वर गंगापूरला नवं धरण झालेलं, तेव्हा आता गंगा, म्हणजे आमची गोदावरी, आटोक्यात राहील असं गावात धरून चाललेले. पाणी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दिसलं आणि दिवे लागायच्या सुमाराला ओट्यावर आलं. आमचं घर धाब्याचं, भिंती मातीच्या. आजोबा मळ्यात अडकलेले. बाईनं पोरांना शेजारच्या वाड्याच्या माडीवर चढवलं आणि मग ती परत घरात शिरली. कशासाठी, तर उळ्याच्या गाठोड्यासाठी.

उळं म्हणजे कांद्याचं बी. ज्यांनी ते हाताळलेलं नाही त्यांना बाईचं ते परत फिरणं वेडेपणाचं वाटेल. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डेंगळे येऊ द्यायचे, माघ-फाल्गुनात त्यावर पांढरे गोंडे फुलतात, मधमाश्या घोंगावतात. ते गोंडे वाळवून, चोळून, पाखडून हाती येतं ते काळंभोर, बारीक, कोनदार बी. शेरभर उळ्यामागे वर्षाची मेहनत. आणि ते वर्षभरच टिकतं, जुनं उळं उगवत नाही. म्हणजे त्या वर्षीचं गेलं की पुढच्या उन्हाळ कांद्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. बाईनं ते गाठोडं डोक्यावर धरलं आणि गळ्याएवढ्या पाण्यातून ती बाहेर आली. पहाटे घराची मागची भिंत बसली. दिवाळीच्या सुमाराला आमच्या वावरात मात्र उळं पडलं आणि त्याच रोपांतून आळीतल्या तीन-चार घरांचं रान लागलं. हे आम्हाला बाईनं कधी सांगितलं नाही, ते त्या घरांतल्या माणसांनी सांगितलं.

त्या पुरातून आमच्या घराला एक क्रम मिळाला. पाणी येणार अशी चाहूल लागली की बाई ओरडायची नाही, देवाचं नाव घेत बसायची नाही. माळ्याच्या शिडीपाशी उभी राहून एकेक गोष्ट बोटानं दाखवायची. "आधी उळं. मंग कागदं. मंग पीठ-मीठ-काड्याची पेटी. मंग गोधड्या. भांड्यांना हात लावू नका, ती गाळातूनबी सापडती." कागद म्हणजे सातबारा, सोसायटीची पुस्तकं, पोरांचे शाळेचे दाखले, सगळे एका पत्र्याच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळलेले. गोठ्यातली जनावरं या सगळ्याच्याही आधी सोडायची, ते तर सांगावंही लागत नसे. आणि माणसं मोजायची. मोजताना ती धाकट्यापासून सुरुवात करायची आणि शेजारच्या घरातली एकटी म्हातारी आमच्या मोजणीत धरायची. पूर नसतानाही, रात्री दाराला कडी घालण्याआधी, बाई अशीच मोजायची. आज पुण्याचा चुलतभाऊ त्याच्या फ्लॅटमध्ये झोपण्याआधी पोरांच्या खोलीत डोकावतो आणि मग शेजारच्या एकट्या आजोबांची बेल वाजवून येतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो, सवय आहे.

भिंत पडल्यावर घर पुन्हा उभं राहिलं ते बाईच्या सांगण्यानं. जोतं दोन थरांनी वाढवलं. कोनाडे छातीच्या वर. खुंट्या त्याहून वर, इतक्या की आम्हा पोरांना दप्तर अडकवायला पाटावर चढावं लागायचं. देव्हारा सगळ्यात उंच. पाहुणे विचारायचे, एवढ्या वर देव कशाला? बाई म्हणायची, "त्यांनाबी पोहता येत नाही."

पण हीच बाई गंगेची ओटी भरायला जायची. पाणी वेशीशी आलं की आळीतल्या बायका खण, नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ घेऊन निघायच्या. मी एकदा तिच्या मागे गेले होते. पाणी गढूळ, तांबडं, वर कचरा, ओंडके, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर. बाई घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, कुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ सोडला. मग कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "आलीस, बरं झालं. माहेरवाशिणीवानी आलीस, ओटी घे. आन आता माघारी फीर. पोरंबाळं हायती घरात." बाजूच्या बायका हात जोडून उभ्या होत्या, बाईनं मात्र शेवटपर्यंत हात जोडले नाहीत. घरी येऊन तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला आणि पहिला प्रश्न केला, "कणगी मोकळी केली का?" श्रद्धा आणि तयारी या दोन गोष्टी तिच्याकडे एकमेकींच्या आड आल्या नाहीत. ज्याला ओटी म्हणजे अडाणीपणा वाटतो त्यानं ती कणगीही मोजावी, असं मला फार वाटतं.

या क्रमात एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे बाईची ट्रंक. हिरव्या रंगाची, झाकणावर कमळ काढलेली, माहेराहून आलेली. १९६९च्या पाण्यात तिच्यातला लग्नातला शालू गाळात कुजला. जरीचा काठ तेवढा फाडून तिनं ठेवला होता. तो आम्ही पाहिलाय, काळा पडलेला, तरी उन्हात धरला की एखादा धागा चमकायचा. त्यानंतरही पुराच्या वेळी ट्रंक खालीच राहायची. कुणी उचलायला गेलं की बाई म्हणायची, "असू दे, मागनं बघू." मागनं कधी यायचंच नाही. घराघरांतल्या बायकांनी घालून दिलेल्या क्रमात त्यांची स्वतःची वस्तू शेवटी असते, आणि आपण त्याला त्याग म्हणून हार घालून मोकळे होतो. मला त्यात फक्त मोठेपण दिसत नाही, अन्यायही दिसतो.

तो क्रम बदलला माझ्या आईनं. २००८च्या सप्टेंबरात पुन्हा मोठं पाणी आलं. शिडी लागली, उळं वर गेलं, कागद वर गेले. मग आईनं पिठाच्या डब्याकडे न वळता कोपऱ्यातलं तिचं शिलाई मशीन धरलं आणि मला म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं उचल." मशीन जड, बिडाचं. आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून आईनं त्याचे पैसे फेडले होते. मी बाईकडे पाहिलं. बाई काही बोलली नाही. मशीन माळ्यावर गेलं, पाठोपाठ पीठ गेलं. आणि मग आई खाली आली, तिनं हिरवी ट्रंक उचलली आणि कुणाला न विचारता तीही वर नेऊन ठेवली. पाणी ओसरल्यावर, गाळ काढताना, बाई एकदम म्हणाली, "मशीन वर नेलं ते बरं केलं." सासूनं सुनेला दिलेली शाबासकी आमच्या घरात त्याआधी कधी ऐकू आलेली नव्हती. आई आजही ती सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

गाळ काढण्याचंही बाईचं शास्त्र होतं. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की दगड होतो. आधी चुलीपुरती जागा, मग दाराची वाट, मग बाकी घर. आणि पहिल्या दिवशी भाकरी घरापुरती करायची नाही. चूल पेटली की पहिली पाटी देवळात, शाळेत जाऊन राहिलेल्या लोकांकडे. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. बाई थापत बसायची, काकू भाजायची, आम्ही पोहोचवायचो. चुलीतलं सरपण ओलं, डोळे धुरानं लाल. तिचे ते रुंद, पिठानं माखलेले तळवे आणि भाकरी तव्यावर टाकताना मनगटाला बसणारा हलका झटका माझ्या काकूच्या हातात जसाच्या तसा आला आहे. काकू सून, रक्ताचं काही नातं नाही. पण हात बाईचे आहेत.

आतेबहिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती कल्याणला तळमजल्यावर राहत होती. २६ जुलै २००५चा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरत होतं, वीज गेलेली, फोन बंद. ती सांगते, "मला काही सुचलं नाही. मला फक्त बाईचं बोट दिसलं." तिनं कागदाचा डबा उचलला, पीठ, काड्यापेटी, औषधं उचलली, पोरांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि मग खाली येऊन एकेक दार वाजवत माणसं मोजली. तळमजल्यावरच्या एका खोलीत एक बाळंतीण एकटी होती. त्या बाळंतिणीला वर कुणी नेलं हे त्या इमारतीत आजही सांगतात. सायखेड्याच्या शिडीपाशी उभ्या असलेल्या एका निरक्षर बाईचं बोट तिथवर पोहोचलं होतं.

निरक्षर हा शब्द मी लिहिला खरा, पण लिहिताना लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्या याच नदीकाठच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहून गेल्या, म्हणून त्या काळातलं घर, सोवळंओवळं, दुष्काळ, प्लेग हे सगळं आपल्याला घरातल्या बाईच्या नजरेनं दिसतं. नदीबद्दल आपल्याकडे स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि धरणांचे अहवालही पुष्कळ आहेत. पण पाणी उंबऱ्याला लागल्यावर चूल कुठे मांडायची, हे लिहिणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजाव्यात. माझ्या बाईला लिहिता आलं असतं तर तिनं काय लिहिलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुधा तिनं यादी लिहिली असती.

पुराखेरीजही गंगा तिची होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडतात. चांदोरी-सायखेड्याच्या मधल्या पात्रात एरवी ती बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली असतात. बाई आम्हाला हात धरून दाखवायला न्यायची. चिकणमातीचा वास, खांबांवर सुकलेलं शेवाळ, कोरीव दगडांत अडकलेले शिंपले. ती प्रत्येक देवापुढे थांबून, पदरानं चिखल पुसून, मग हात जोडायची. परत येताना वाळूत झिऱ्याची जागा शोधायची. तिच्या तरुणपणी वाळूत हातभर खणलं की नितळ पाणी लागायचं आणि बाया तेच पाणी प्यायला घरी न्यायच्या. आता ते पाणी जनावरंही नाक वर करून पितात. वरच्या शहराचं सांडपाणी येतं, त्यावर पाणवेली माजतात आणि पुरात वाहत येऊन आमच्या पुलाला अडकतात. पूल तुंबला की पाणी गावात. बाईला हे नवं दुखणं शेवटपर्यंत समजलं नाही, म्हणजे समजलं पण मान्य झालं नाही. "गंगेनं आणलेलं पाणी सोसलं," ती म्हणायची, "हे तर माणसांनी आणलेलं."

२०१६चा ऑगस्टमधला पूर तिनं पाहिला. तेव्हा ती शिडीपाशी उभी राहू शकत नव्हती; वडिलांनी तिला खुर्चीसकट शेजारच्या गच्चीवर नेलं आणि तिथून ती हाक मारून विचारत राहिली, उळं वर गेलं का? उळं आता पुड्यात मिळतं, दुकानात. तरी आईनं तेव्हा घरच्या डेंगळ्यांचं थोडं राखलेलं होतं. ते वर गेलं. २०१९च्या पुराला बाई नव्हती. चांदोरी-सायखेड्याची तरुण पोरं तेव्हा होड्या घेऊन घराघरांतून माणसं काढत होती आणि त्यांत माझा सर्वांत धाकटा चुलतभाऊ होता. तो अंधारात दारादारांशी जाऊन विचारत होता, "घरात किती जणं? धाकट्यापासून सांगा." त्याला तसं विचारायला कुणी शिकवलेलं नव्हतं, तो तसं ऐकत मोठा झाला होता.

२००८च्या पुरानंतर घर पक्कं बांधायला काढलं तेव्हाची एक गोष्ट राहिली. जोतं किती उंच घ्यायचं यावर वडील आणि मिस्त्री अडून बसले. १९६९चं पाणी कुठवर आलं होतं ते ठरलं तर बाकीचं ठरणार होतं, पण ज्या भिंतीवर त्याची खूण होती ती भिंतच पडलेली. वडिलांनी बाईला अंगणात बोलावलं. ती जुन्या उंबऱ्याच्या जागी येऊन उभी राहिली आणि तिनं गळ्याशी आडवा हात धरला. "इथवर." मिस्त्रीनं पाणनळी लावली, तिच्या हाताची पातळी समोरच्या खांबावर नेली आणि तो खडूनं रेघ मारणार, इतक्यात बाई म्हणाली, "थांब. तव्हा मी ताठ होते." तिनं मान वर केली, पाठ जमेल तेवढी सरळ केली आणि हात आणखी वीतभर वर नेला. रेघ तिथं मारली. खाली मिस्त्रीनं खिळ्यानं कोरलं : १९६९. जोतं तिच्या हिशेबानं झालं. २०१६ला आणि २०१९ला पाणी उंबऱ्याला टेकलं, आत आलं नाही.

१९६९चा पूर पाहिलेली माणसं आता गोदाकाठी थोडीच उरली आहेत. तुमच्या घरात, आळीत अशी कुणी असेल तर यंदाच्या पावसाआधी तिला अंगणात उभं करा, पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवायला सांगा आणि तिथं रेघ मारून साल लिहून ठेवा. आणि ती वाकली असेल तर तेवढं धरून मोजा.